खाटेच्या पायथ्याशी टांगलेला तक्ता

कलाशाखेच्या वार्षिक अंकात रुग्णालयातील आकडेमोडीवर लेख कशाला, असा प्रश्न वाचकांच्या मनात येणे स्वाभाविक आहे. मी तृतीय वर्ष कलेचा, तर्कशास्त्राचा आणि थोड्याफार संख्याशास्त्राचा विद्यार्थी. वैद्यकाशी माझा संबंध आला तो आजारी माणसाजवळ रात्री बसण्यापुरता. परंतु ज्या विषयावर मी लिहीत आहे तो अर्धा वैद्यकाचा आणि अर्धा आपला आहे. खालावत चाललेला रुग्ण वेळेवर कसा ओळखावा हा वैद्यकाचा प्रश्न; आणि ज्याने ओळखले त्याचे म्हणणे इतरांनी ऐकावे यासाठी कोणती भाषा वापरावी, हा भाषेचा, तर्काचा आणि समाजशास्त्राचा प्रश्न. या दुसऱ्या अर्ध्यावर बोलण्याचा अधिकार आपल्यालाही आहे असे मला वाटते.

रुग्णालयात कोणी दगावले की नातेवाईक म्हणतात, "काल संध्याकाळपर्यंत बरे होते हो, अचानकच गेले." हा 'अचानक' शब्द तपासून पाहण्यासारखा आहे. अमेरिकेतील मायामी शहरातल्या एका मोठ्या रुग्णालयात काही डॉक्टरांनी तो तपासला आणि १९९० साली आपले निष्कर्ष प्रसिद्ध केले. रुग्णालयात असताना ज्यांचे हृदय एकाएकी बंद पडले अशा ६४ रुग्णांचे कागद त्यांनी मागे जाऊन वाचले. त्यांपैकी ५४ जणांच्या, म्हणजे शेकडा ८४ जणांच्या बाबतीत, आधीच्या आठ तासांत प्रकृती बिघडत असल्याच्या किंवा नवी तक्रार सुरू झाल्याच्या नोंदी सापडल्या. म्हणजे मृत्यू दबक्या पावलांनी आला होता, पण पावलांचे ठसे कागदावर उमटले होते. 'अचानक' हा शब्द बहुतेक वेळा रुग्णाच्या प्रकृतीचे वर्णन करत नाही. आपल्या लक्ष नसण्याचे करतो.

पुण्यासारख्या शहरात या गोष्टीला फार महत्त्व आहे. डेव्हिड ससून यांच्या देणगीतून उभे राहिलेले ससून रुग्णालय १८६७ पासून येथे आहे, आणि त्यानंतर शहरात लहानमोठी असंख्य रुग्णालये झाली. जिल्ह्याच्या तालुक्यांतून, शेजारच्या जिल्ह्यांतून माणसे येथे उपचाराला येतात. त्यांतली बहुसंख्य अतिदक्षता विभागात नव्हे, तर साध्या जनरल वॉर्डात असतात. अतिदक्षता विभागात यंत्रे अखंड पहारा करतात. जनरल वॉर्डात पहारा असतो तो रात्रपाळीच्या एकदोन परिचारिकांचा, आणि खाटेशेजारी चटई टाकून बसलेल्या नातेवाइकाचा. तेव्हा प्रश्न असा की, या दोघांच्या डोळ्यांना धोका वेळेवर दिसावा कसा, आणि दिसला तर तो डॉक्टरपर्यंत पोहोचावा कसा?

बेरजेची युक्ती

या प्रश्नाचे एक साधे उत्तर इंग्लंडच्या पूर्व किनाऱ्यावर, ग्रेट यार्मथजवळच्या जेम्स पॅजेट रुग्णालयातील मॉर्गन, विल्यम्स आणि राइट यांनी १९९७ साली मांडले. परिचारिका नाहीतरी नाडी, ताप, रक्तदाब, श्वास यांची नोंद करतातच. त्या प्रत्येक आकड्याला, तो स्वाभाविक मर्यादेपासून किती दूर गेला आहे हे पाहून, शून्य ते तीन गुण द्यायचे आणि शेवटी बेरीज करायची. बेरीज ठरावीक मर्यादेबाहेर गेली की डॉक्टरांना बोलवायचे. परीक्षेत गुण जास्त मिळाले की आपण आनंदतो. येथे उलट आहे. येथे शून्य मिळवणारा सर्वांत सुखी. पुढे वेल्समधील डॉक्टरांनी ७०९ रुग्णांवर अशाच एका सुधारित तक्त्याची परीक्षा करून २००१ मध्ये दाखवले की, पाच किंवा अधिक गुण मिळालेल्यांना मृत्यूचा धोका बराच अधिक असतो. मग प्रत्येक रुग्णालयाने आपापला तक्ता काढला आणि जितकी रुग्णालये तितक्या मोजपट्ट्या झाल्या. ही गोंधळाची अवस्था संपवण्यासाठी लंडनच्या रॉयल कॉलेज ऑफ फिजिशियन्स या संस्थेने २०१२ साली सर्व देशासाठी एकच तक्ता तयार केला आणि २०१७ साली त्याची सुधारित आवृत्ती काढली. आज जगात ज्या तक्त्यांची सर्वाधिक चर्चा होते त्यांत हा एक आहे.

त्यात सात गोष्टी पाहतात: मिनिटाला श्वास किती, रक्तातील प्राणवायूचे शेकडा प्रमाण किती, रुग्णाला वरून प्राणवायू लावला आहे का, वरचा रक्तदाब किती, नाडी किती, रुग्ण पूर्ण शुद्धीवर आहे का, आणि ताप किती. उदाहरण घेतल्याशिवाय ही गोष्ट कळत नाही, म्हणून एक काल्पनिक रुग्ण घेऊ. त्याचा श्वास मिनिटाला २२ आहे. १२ ते २० ला शून्य, २१ ते २४ ला दोन, म्हणून दोन गुण. प्राणवायू ९५ टक्के. ९६ किंवा अधिक हवा, म्हणून एक गुण. वरून प्राणवायू लावलेला नाही, शून्य. रक्तदाब १०८, ११० किंवा त्याखाली आला म्हणून एक. नाडी १०४, ९० च्या वर गेली म्हणून एक. शुद्धीवर आहे, बोलतो आहे, शून्य. ताप १०१ अंश, एक. बेरीज झाली सहा.

आता हे आकडे एकेक करून पाहा. ताप १०१, यात काय विशेष? नाडी थोडी जलद, ताप आहे म्हणून असेल. रक्तदाब थोडा कमी, जेवला नसेल. प्रत्येक आकड्याला स्वतंत्रपणे एक निरुपद्रवी कारण देता येते, आणि थकलेले मन ते देतेच. पण थेंबे थेंबे तळे साचे, हा न्याय शरीरालाही लागू आहे. शरीराचा तोल ढळू लागला की ते एका ठिकाणी मोठ्याने ओरडत नाही; चार ठिकाणी हळूच कुरकुरते. बेरजेचे काम हेच की, त्या चार कुरकुरी एकत्र करून त्यांचा एक आवाज करायचा. तर्कशास्त्राच्या भाषेत सांगायचे तर, प्रत्येक पुरावा एकटा असताना दुर्बळ असतो. पण अनेक दुर्बळ पुरावे एकाच दिशेला बोट दाखवू लागले की निष्कर्ष बळकट होतो. न्यायालयात परिस्थितिजन्य पुराव्याचे असेच असते.

एक काळजी मात्र तक्ता घेतो. एकच गोष्ट फार बिघडली, उदाहरणार्थ श्वास २५ किंवा त्यावर गेला किंवा रुग्ण नव्यानेच असंबद्ध बोलू लागला, तर त्या एका गोष्टीलाच तीन गुण मिळतात आणि बेरीज लहान असली तरी डॉक्टरांना कळवावे लागते. हे असंबद्ध बोलणे २०१७ च्या आवृत्तीत नव्याने घातले. "आजोबा रात्रीपासून काहीतरीच बडबडतायत," असे घरची माणसे म्हणतात आणि ऐकणारे ते वयावर घालतात. आता त्या बडबडीला तीन गुण आहेत.

हाक आणि ओ

इथवर गणित झाले. पण मला वाटते की या तक्त्याचे खरे मर्म गणितात नाही. तक्त्याचा दुसरा भाग म्हणजे कोणत्या बेरजेला काय करायचे याचा नियम. शून्य असेल तर बारा तासांनी पुन्हा पाहा. एक ते चार असेल तर चार ते सहा तासांनी पाहा. पाच किंवा सहा झाले की दर तासाला पाहा आणि डॉक्टरांना तातडीने कळवा. सात किंवा अधिक झाले की अखंड लक्ष ठेवा आणि गंभीर रुग्ण सांभाळू शकणाऱ्या पथकाला लगेच बोलवा. आपण मराठीत 'हाकेला ओ देणे' म्हणतो. बेरीज ही हाक आहे, आणि नियम सांगतो की ओ कोणी, किती वेळात द्यायची.

हे मला एका रात्री समजले. घरातल्या एका वडीलधाऱ्या माणसाजवळ मी पुण्यातील एका रुग्णालयाच्या जनरल वॉर्डात काही रात्री बसत असे. शेजारच्या खाटेवर जुन्नरकडचे एक शेतकरी होते. त्यांची पत्नी संध्याकाळपासून सांगत होती, "ह्यांचं कायतरी येगळंच दिसतंय. नूर बदललाय." संध्याकाळच्या राउंडला तिने हे डॉक्टरांना सांगितले, त्यांनी तक्त्यावर नजर टाकली, ताप नव्हता, आणि ते पुढे गेले. त्या तक्त्यात श्वासाच्या रकान्यात दिवसभर २० हाच आकडा होता. माझ्या रुग्णाच्या तक्त्यातही २० होता. पलीकडच्या खाटेवरही २०. सर्व वॉर्ड जणू एका तालात श्वास घेत होता!

रात्री पाळी बदलली. नव्या सिस्टर वयाने मोठ्या होत्या. त्या बाईंनी पुन्हा तेच सांगितले तेव्हा सिस्टर म्हणाल्या, "थांबा मावशी, मी बघते." त्यांनी घड्याळ समोर धरले आणि पूर्ण एक मिनिट त्या शेतकऱ्याच्या छातीकडे पाहत उभ्या राहिल्या. मग फोनवर निवासी डॉक्टरांना म्हणाल्या, "सर, बारा नंबरच्या पेशंटचा श्वास अठ्ठावीस आहे, पल्स एकशे अठरा. येऊन बघा." त्यांनी "मला बरे वाटत नाही" असे म्हटले नाही, "नूर बदललाय" असेही म्हटले नाही. आकडे सांगितले. डॉक्टर दहा मिनिटांत आले, आणि पहाट होण्यापूर्वी त्या गृहस्थांना अतिदक्षता विभागात हलवले. सहाव्या दिवशी ते वॉर्डात परत आले.

वरच्या तक्त्याने श्वास २८ ला तीन गुण आणि नाडी ११८ ला दोन, म्हणजे तेवढ्यावरच पाच गुण होतात. पण संध्याकाळी सहा वाजता त्या बाईंनी पाहिलेला 'नूर' आणि रात्री सिस्टरांनी मोजलेले '२८' या दोन वेगळ्या गोष्टी नव्हत्या. वस्तुस्थिती एकच होती, भाषा दोन होत्या. एका भाषेला रुग्णालयात किंमत नव्हती, दुसरीला होती. ज्येष्ठ डॉक्टरला मध्यरात्री उठवायचे म्हणजे कनिष्ठाला धीर लागतो. "उगाच उठवलेत" हे ऐकण्याची तयारी लागते. तक्ता कनिष्ठाच्या हाती एक असे वाक्य देतो की जे ऐकून ज्येष्ठाला ओ द्यावीच लागते. गुणांकनाचा शोध हा म्हणूनच मला वैद्यकातला जितका, तितकाच अधिकाराच्या उतरंडीतला शोध वाटतो.

उलट बाजूचा पुरावाही आहे. ऑस्ट्रेलियातील २३ रुग्णालयांत धावून जाणाऱ्या पथकांचा मोठा प्रयोग झाला आणि त्याचे निष्कर्ष २००५ साली आले. पथके असलेल्या आणि नसलेल्या रुग्णालयांत अपेक्षेएवढा फरक दिसला नाही. बारकाईने पाहता असे आढळले की, बोलावण्याचे निकष पुरे होऊनही अनेक रुग्णांसाठी पथकाला बोलावलेच गेले नव्हते. ओ देणारे तयार होते. हाक घातली गेली नाही.

गडचिरोलीचे मणी

इंग्लंडच्या तक्त्याची कथा वाचताना मला सारखी आपल्याच राज्यातली एक गोष्ट आठवत होती. ती रुग्णालयातली नाही. जेथे रुग्णालय जवळ नाही तेथली आहे. डॉ. अभय आणि डॉ. राणी बंग यांनी गडचिरोली जिल्ह्यात 'सर्च' या संस्थेमार्फत बालमृत्यूंवर काम केले, हे आपल्याला ठाऊक असते. पण त्यांनी धोका ओळखण्याची कोणती साधने घडवली, याकडे आपले लक्ष फारसे जात नाही.

लहान मुलांचा न्यूमोनिया ओळखण्याची मुख्य खूण म्हणजे जलद श्वास. दोन महिन्यांखालील बाळाचा श्वास मिनिटाला ६० किंवा त्याहून अधिक, आणि त्यापुढे वर्षापर्यंतच्या बाळाचा ५० किंवा अधिक झाला तर तो जलद समजतात. पण गावातल्या ज्या सुइणी बाळांजवळ जाऊ शकत होत्या त्यांतल्या अनेकींना लिहिता-वाचता येत नव्हते, आणि साठपर्यंत मोजण्याची सवय नव्हती. तेव्हा त्यांच्यासाठी एका मिनिटाचे वाळूचे घड्याळ आणि त्याला जोडलेले मणी असे साधन केले गेले. दहा श्वास झाले की एक मणी सरकवायचा. वाळू संपण्याच्या आत शेवटच्या मण्यापर्यंत पोहोचलात तर श्वास जलद आहे. मोठी संख्या मोजणे अवघड, पण दहा मोजणे आणि मणी सरकवणे हातच्या कामासारखे सोपे. पुण्यातल्या त्या वॉर्डात श्वासाच्या रकान्यात सरसकट २० लिहिले जात होते, आणि निरक्षर सुईण वाळू संपेपर्यंत बाळाच्या छातीवरून नजर हलवत नव्हती. या दोहोंत शास्त्रीय कोण?

पुढची पायरी नवजात बाळाच्या जंतुसंसर्गाची. तो ओळखायला रक्ताची तपासणी लागते अशी समजूत होती. बंग आणि सहकाऱ्यांनी गावोगावच्या बाळांच्या नोंदींतून सात खुणा निवडल्या: दूध ओढणे कमी होणे किंवा थांबणे, रडणे मंद होणे किंवा बंद होणे, हातपाय लुळे पडणे, उलट्या किंवा पोट फुगणे, बाळ हाताला गार लागते असे आईने सांगणे, श्वास घेताना छाती जोराने आत ओढली जाणे, आणि बेंबी पिकणे. यांपैकी कोणत्याही दोन खुणा एकाच वेळी दिसल्या तर उपचार सुरू करायचे. या खुणा मृत्यूच्या सरासरी सुमारे पाच दिवस आधी दिसतात, असे त्यांना आढळले. पाच दिवस! एवढ्या अवधीत बाळ वाचवता येते. प्रशिक्षित आरोग्यदूत घरी जाऊन काळजी घेत असलेल्या ३९ गावांत तिसऱ्या वर्षी नवजात बालमृत्यू, तुलनेच्या गावांच्या मानाने, शेकडा ६२ ने कमी झाल्याचा निष्कर्ष १९९९ साली 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकात प्रसिद्ध झाला. पुढे २०११ मध्ये घरोघरी नवजात बालकांची काळजी हा कार्यक्रम आशा कार्यकर्त्यांमार्फत देशभर स्वीकारला गेला.

येथेही युक्ती तीच आहे. एक खूण दिसली तर कदाचित काही नसेल. दोन एकत्र दिसल्या तर थांबू नका. पण मला सर्वांत मोलाची वाटते ती पाचवी खूण: 'आईने सांगणे'. या यादीत आईचे म्हणणे टीप म्हणून नाही, पुरावा म्हणून आहे. जुन्नरच्या त्या बाईंच्या 'नूर बदललाय'ला जे स्थान वॉर्डात मिळाले नाही, ते गडचिरोलीच्या आईच्या शब्दाला शास्त्रीय निबंधात मिळाले.

आपली भाषा या बाबतीत किती समृद्ध आहे ते पाहा. तोंड सुकले, चेहरा उतरला, डोळे खोल गेले, हातपाय गार पडले, ग्लानी आली, धाप लागली, पोट उडू लागले, अंग टाकले. यांतले प्रत्येक शब्दचित्र पिढ्यान् पिढ्या रुग्णांच्या उशाशी बसलेल्या बायकांनी घडवले आहे. 'पोट उडणे' आणि 'छाती आत ओढली जाणे' यांत निरीक्षण तेच आहे. निरीक्षण कधीच कमी नव्हते. त्याची नोंद करून घेणारा रकाना नव्हता.

सहा मिनिटांची चाल

महाराष्ट्रातील करोनाचे पहिले रुग्ण ९ मार्च २०२० रोजी पुण्यातच आढळले आणि त्यांना नायडू रुग्णालयात ठेवले होते. त्यानंतरच्या दोन वर्षांत शहरातल्या घराघरांत एक नवे यंत्र आले: बोटाला लावायचे ऑक्सिमीटर. त्यामागचे तत्त्व ताकुओ आओयागी या जपानी अभियंत्याने १९७०च्या दशकात शोधले; ते स्वतः एप्रिल २०२० मध्ये, ऐन साथीत, वारले. ज्या कोणाचा प्राणवायू घसरत होता पण धाप लागत नव्हती, त्याचा धोका डोळ्यांना दिसत नव्हता, बोटाला दिसत होता.

त्या काळात राज्याच्या आरोग्य खात्याने सहा मिनिटे चालण्याची चाचणी घरोघरी पोहोचवली. आधी ऑक्सिमीटर लावून आकडा पाहायचा, मग सपाट जमिनीवर सहा मिनिटे चालायचे, मग पुन्हा आकडा पाहायचा. तो ९३ च्या खाली गेला किंवा आधीपेक्षा तीन टक्क्यांहून अधिक उतरला तर डॉक्टरांकडे जायचे. सदनिकांच्या गॅलऱ्यांतून, वाड्यांच्या अंगणांतून माणसे घड्याळ लावून येरझाऱ्या घालत होती. या चाचणीत एक बारीक पण महत्त्वाची गोष्ट आहे: ती नुसता आकडा विचारत नाही, आकडा कोणत्या दिशेला चालला आहे हेही विचारते. ९८ वरून ९४ वर आलेला माणूस आणि नेहमीच ९४ असणारा माणूस, दोघे एक नव्हेत.

तक्त्याचे दोष आणि त्यांवरची दुरुस्ती

हाच गुणांकनाच्या तक्त्याचा पहिला दोष. साधी बेरीज या क्षणाचे छायाचित्र काढते. ओघ पाहत नाही. चार तासांपूर्वी एक, दोन तासांपूर्वी तीन आणि आता चार, ही चढण नुसत्या चारपेक्षा अधिक बोलकी आहे. म्हणून आता ओघालाही गुण द्यावेत, वयाचा विचार करावा, अशा सुधारणा सुचवल्या जातात. दुसरा दोष म्हणजे सर्वांना एकच माप. फुप्फुसांच्या जुनाट आजारात काही रुग्णांचा प्राणवायू ८८ ते ९२ असणेच योग्य असते. त्यांच्यासाठी २०१७ च्या आवृत्तीत वेगळी मोजपट्टी दिली आहे. तिसरा दोष यंत्राचा. ऑक्सिमीटर काळ्या त्वचेच्या रुग्णांत कधी कधी खऱ्यापेक्षा जास्त आकडा दाखवते, हे डिसेंबर २०२० मध्ये अमेरिकेतील मिशिगनच्या संशोधकांनी दाखवून दिले. तेथे कृष्णवर्णीय रुग्णांत लपलेली प्राणवायूची कमतरता गोऱ्यांच्या जवळजवळ तिप्पट प्रमाणात निसटत होती. सावळ्या माणसांच्या आपल्या देशाने हे लक्षात ठेवले पाहिजे.

चौथा दोष खोट्या हाकांचा. समजा, १,००० रुग्णांपैकी २० जण खरोखर खालावणार आहेत. तक्ता त्यांपैकी १६ जणांना पकडतो, छानच. पण उरलेल्या ९८० पैकी फक्त दहा टक्के लोकांबाबतही त्याने उगाच हाक दिली तर त्या ९८ होतात. एकूण हाका ११४, खऱ्या १६. म्हणजे सात वेळा धावावे तेव्हा एकदा खरे निघते. लांडगा आला रे आला, ही गोष्ट आपण शाळेत शिकलो. त्यातला मुलगा खोटे बोलत होता. येथे तक्ता प्रामाणिक आहे, तरी परिणाम तोच. धावणारे थकतात आणि सोळा खऱ्या हाकांपैकी एखादी वाया जाते.

यावर उपाय म्हणून संगणक आले. शेकडो गोष्टी एकदम तोलणारी गणिते रुग्णालयांत बसवली गेली. त्यांचा अनुभव संमिश्र आहे. अमेरिकेत फार मोठ्या प्रमाणावर वापरल्या जाणाऱ्या अशा एका गणिताची मिशिगनमध्ये स्वतंत्र तपासणी झाली तेव्हा, २०२१ मध्ये, असे दिसले की रक्तातील जंतुदोष झालेल्यांपैकी ६७ टक्के रुग्ण त्याला सापडले नव्हते, आणि तरीही एकूण रुग्णांपैकी १८ टक्क्यांबाबत त्याने इशारे दिले होते. उलट उत्तर कॅलिफोर्नियातील २१ रुग्णालयांत बसवलेल्या दुसऱ्या एका पद्धतीने मृत्यूंचे प्रमाण कमी झाल्याचे २०२० मध्ये प्रसिद्ध झाले. तेथे गणिताची हाक थेट वॉर्डात वाजत नव्हती. दूरच्या केंद्रात बसलेल्या अनुभवी परिचारिका आधी ती पारखत, मग वॉर्डातल्या पथकाशी बोलत. हाक आणि ओ यांच्यामध्ये एक जाणते माणूस ठेवले होते.

आणि आणखी एक सुधारणा मला फार अर्थपूर्ण वाटते. नेदरलँड्समधील संशोधकांनी परिचारिकेला वाटणारी काळजी हीच एक खूण मानून तिची कारणे नोंदवली. इंग्लंडमध्ये मार्था मिल्स ही तेरा वर्षांची मुलगी २०२१ मध्ये गेली. तिच्या आईवडिलांनी व्यक्त केलेली काळजी मनावर घेतली गेली नव्हती. त्यांनी दिलेल्या लढ्यातून 'मार्थाचा नियम' आला आणि २०२४ पासून तो तेथील रुग्णालयांत टप्प्याटप्प्याने लागू होऊ लागला. रुग्णाला किंवा नातेवाइकांना वाटले की प्रकृती बिघडते आहे आणि कोणी लक्ष देत नाही, तर ते थेट दुसऱ्या पथकाला बोलावू शकतात. जे गडचिरोलीत झोपडीत घडले, ते लंडनला वळसा घेऊन पोहोचले असे म्हटले तर अतिशयोक्ती होईल. पण तत्त्व एकच आहे, एवढे नक्की.

आपल्या हाती काय?

तेव्हा गुणांकनाचा तक्ता सुधारायचा म्हणजे केवळ गणित सुधारायचे असे नव्हे. आपल्या वॉर्डांसाठी मला तीन गोष्टी क्रमाने महत्त्वाच्या वाटतात. पहिली, श्वास खरोखर मोजला जावा. त्याला यंत्र लागत नाही, एक मिनिट लागते. आणि ज्या परिचारिकेकडे फार खाटा आहेत तिच्याकडे नेमके तेच मिनिट नसते. म्हणून परिचारिकांची संख्या हा खर्चाचा मुद्दा नसून निदानाचा मुद्दा आहे. दुसरी, बेरजेखाली नियम असावा: इतके झाले की अमुकाने इतक्या वेळात यावे. नियम लिहिलेला असला की बोलावणाऱ्याला धीर लागत नाही. तिसरी, तक्त्यात एक रकाना नातेवाइकांसाठी असावा. आपल्याकडे रुग्णाजवळ चोवीस तास घरचे माणूस असते. गरिबीने आणि रिवाजाने दिलेला हा पहारेकरी फुकट बसून असतो आणि त्याला कोणी काही विचारत नाही. "कालच्यापेक्षा आज वेगळे वाटते का?" एवढा एक प्रश्न प्रत्येक पाळीत विचारून त्याचे उत्तर लिहून घेतले तर मोठा खर्च येणार नाही.

आणि आपण विद्यार्थी? आपल्यापैकी प्रत्येकाला कधी ना कधी कोणाच्या तरी उशाशी बसावे लागणार आहे. त्या वेळी घड्याळ लावून मिनिटभर छातीकडे पाहा आणि श्वास मोजा. हे कोणालाही जमते. बडबड, ग्लानी, गार पडलेले हातपाय यांना वयाचे किंवा थकव्याचे नाव देऊ नका. सिस्टरांना सांगताना काय बदलले, केव्हापासून बदलले, आणि आकडा किती, हे सांगा. मात्र आकडा नसला म्हणून गप्पही बसू नका. आकडे ही रुग्णालयाची भाषा आहे आणि ती आपण शिकून घ्यावी. पण आईला बाळ गार लागले, हेही एक मोजमापच आहे, आणि ते लिहून घेण्याची जबाबदारी रुग्णालयाची आहे.